रिश्टर यांचा सावध शब्द

न्यूयॉर्क, १९२८. विकृतिशास्त्रज्ञ मॉरिस रिश्टर यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये ४६ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. (भूकंपमापनाचे रिश्टर ते चार्ल्स, हे निराळे.) रुग्णाला लिम्फोसायटिक ल्युकेमिया होता. हा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा वर्षानुवर्षे संथ राहतो. येथे मात्र लसिकाग्रंथी, यकृत व प्लीहा झपाट्याने सुजली आणि रुग्ण दगावला. सूक्ष्मदर्शकाखाली ल्युकेमियाच्या लहान पेशींशेजारी आक्रमक अर्बुदाच्या मोठ्या पेशी दिसल्या.

लहान पेशींतूनच मोठ्या निपजल्या, की दोन स्वतंत्र रोग एकाच देहात भेटले? रिश्टर यांच्या शीर्षकात ‘रूपांतर’ हा शब्द नाही. अर्बुद ल्युकेमियाशी ‘संलग्न’ आहे, एवढेच तिथे म्हटले आहे. त्या काळी हा सावधपणा रास्तच होता. लहान लिम्फोसाइट ही वाढ संपलेली, पुढे न विभागणारी पेशी मानली जाई.

ही समजूत मोडली ती राजम्याच्या अर्काने! तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी प्रयोगशाळांत तो वापरत. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल यांनी दाखवले, की त्याच अर्कामुळे लिम्फोसाइट मोठ्या होतात आणि विभागू लागतात. १९६४ मध्ये फ्रेंच रक्तविकारतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘रिश्टर सिंड्रोम’ हे नाव दिले. १९७६ मध्ये नोवेल यांनीच मांडले, की कर्करोग एका पेशीच्या वंशातून उत्क्रांत होतो. नवे जनुकीय बदल झालेली शाखा इतरांना मागे टाकते.

वंश ओळखण्याची खूण प्रतिपिंडांच्या जनुकांत सापडली. प्रत्येक बी-पेशी ही जनुके आपल्यापुरती जुळवते आणि तीच जुळणी वारशाने पुढे देते. बहुसंख्य रुग्णांत दोन्ही रोगांची खूण एकच निघाली. काहींत मात्र ती निराळी होती, म्हणजे लिम्फोमा खरोखरच स्वतंत्र होता. अशा रुग्णांचे आयुर्मान लक्षणीयरीत्या अधिक आढळते. त्यामुळे रिश्टर यांच्यापुढचा प्रश्न आजही उपचारांच्या निर्णयात डोकावतो.

एकच वंश असलेल्यांत हे रूपांतर केव्हा सुरू होते? प्रदीर्घ उपचारांनंतर, रोगाच्या अखेरीस, असा सर्वसाधारण समज होता. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी काही रुग्णांचे जुने, जपून ठेवलेले नमुने तपासले. आक्रमक शाखेच्या मूठभर पेशी त्यांत आधीपासूनच होत्या, रोग उघड होण्याच्या ६ ते १९ वर्षे आधी.