वेताळाचे नाते : भयहास्याच्या कथामालिकेविषयी एक टिपण

अनेक लहान भयकथा एका सूत्रात ओवून त्यांत विनोद पेरणाऱ्या चित्रपटांची गोडी ही केवळ आधुनिक पाश्चात्त्य अभिरुची होय, असा समज आढळतो. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या ब्रिटिश चित्रपटात गोल्फ खेळणाऱ्या दोघा मित्रांची भूतकथा निव्वळ हास्यासाठी योजिली आहे. ‘क्रीपशो’ (१९८२) या अमेरिकन चित्रपटात हाच धागा दिसतो. परंतु ही घडण आपल्याकडे फार जुनी आहे.

सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळकथांची माला आहे, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० सालची. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ गोष्ट सांगून प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून न दिल्यास राजाचे मस्तक फुटावयाचे. दिल्यास मौन मोडल्यामुळे वेताळ झाडावर परत जावयाचा. भय प्रेताचे, तर हसू राजाच्या हेलपाट्यांचे. सोमदेवाच्या मालेत अखेरचे कोडे नात्याचे आहे : बापाने मुलीशी व मुलाने तिच्या आईशी विवाह केला, तर त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते कोणते? येथे राजा निरुत्तर होतो आणि फेरा संपतो. नात्याचा शब्द सापडत नाही, तेथे कथाही थांबते.

कोकणाने मात्र खुद्द वेताळालाच नाते दिले. मिठबावच्या दक्षिणेस, वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे तो ‘वेतोबा’ आहे. ‘विठोबा’, ‘खंडोबा’ यांतील पितृवाचक ‘बा’ येथे भुतांच्या अधिपतीस लागला आहे. त्यास केळी व चामड्याच्या वहाणा अर्पण करतात; रात्री गावाची राखण करीत हिंडताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. याच जिल्ह्यातील दशावतारात वेद चोरणारा काळा संकासुर मालवणी बोलीत प्रेक्षकांना हसवितो.

तेव्हा हास्य हे भयाला पातळ करणारे पाणी नव्हे. भयावह वस्तूला घरच्या बोलीत आणि नात्याच्या नावाने हाक मारता आली, म्हणजे श्रोता पळत नाही. पुढील गोष्टीसाठी बसून राहतो. कथामालिकेचे आकर्षण यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.