डॉज की प्लिमथ?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या नांदगावात एक जुना वाडा पाडावयास काढला. वाड्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मोठी थोरली मोटार उभी होती. टपावर कडब्याच्या पेंढ्या, टायर केव्हाच गेलेले, चाके मातीत रुतलेली आणि पुढची नावाची पट्टी कोणीतरी उचकटून नेलेली. भंगारवाला वजनाचा अंदाज घेत होता. बघता बघता पाचसहा मंडळी जमली.

“ही डॉज,” उभा जन्म मालट्रकवर काढलेले एक आजोबा म्हणाले. “छे हो, प्लिमथ! आमच्या मामाची वरात हिच्यातनं निघाली होती,” दुसऱ्या गृहस्थांनी अडवले. तिसऱ्याने डिसोटो हे नाव काढले. चौथा म्हणाला, “कोणती का असेना, पण थेट अमेरिकेहून आलेली.” एक तरुण हसून म्हणाला, “अहो, जुन्या सगळ्या शेवरलेटच!” भंगारवाला मात्र काही बोलला नाही. त्याच्या लेखी ते नुसते लोखंड होते.

मी इतिहास शिकवणारा माणूस. मला तो वाद मोठा गमतीचा वाटला, आणि महत्त्वाचाही. शेतात एखादे नाणे सापडले की आपण पहिल्याने काय विचारतो? हे कोणाचे, आणि केव्हाचे? मोटारीलाही हेच दोन प्रश्न विचारावयाचे असतात.

नाण्यावर जशी राजाची मुद्रा, तशी अमेरिकन मोटारीच्या नाकावर तिची खूण असे. डॉजच्या बोनेटवर मेंढा, प्लिमथवर शिडाचे जहाज, पाँटियाकवर तिकडच्या मूळ रहिवाशांच्या सरदाराचे मस्तक. शेवरलेटची खूण गळ्यातल्या बो-टायसारखी. ब्यूकच्या पुढच्या मडगार्डाला १९४९ पासून बासरीसारखी ओळीने भोके आली. १९५० च्या स्टुडबेकरचे तोंड पाहिले तर विमानाचे नाक वाटावे. कॅडिलॅकला १९४८ साली मागे माशाच्या परासारखे कल्ले फुटले, ते एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले. म्हणजे महायुद्ध संपले, तरी त्याची छाया मोटारींवर राहिली होती. नीट पाहणाऱ्याला पत्र्यातही काळ दिसतो, तो असा.

आता या मोटारी आपल्याकडे आल्या कशा? पुष्कळांची समजूत अशी की, त्या तयार होऊन बोटीने येत. सुरुवातीला तसे होते. पण फोर्डने १९२६ साली हिंदुस्थानात आपली कंपनी काढली, तीही कॅनडातल्या शाखेमार्फत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना घातला. सुटे भाग पेटाऱ्यांत भरून येत आणि मुंबईचे कामगार ते जोडून शेवरलेट उभी करीत. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे बसे. आमच्या शेडमधल्या मोटारीचे स्टिअरिंगही उजवीकडेच होते. तेवढ्यावरून ‘थेट अमेरिकेहून’ हे म्हणणे खोटे ठरत नाही, पण शंका घ्यावयास जागा होती.

पण नुसते जोडणे म्हणजे बनवणे नव्हे. ही गोष्ट ज्यांना सलत होती, त्यांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यात १९३३ साली रावळगावचा साखर कारखाना काढणारे तेच हे. रावळगावची गोळी चघळलेली नाही असे पोर आमच्या भागात सापडावयाचे नाही. पण त्याच माणसाने मोटारीचा ध्यास घेतला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. सर विश्वेश्वरय्यांनीही देशी मोटार कारखान्याची योजना मांडली होती. महायुद्धाच्या काळात परक्या सरकारने तिला हात दिला नाही. तरी वालचंदांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना इथे भाग बनवावयाचे नाहीत, नुसते जोडावयाचे आहेत, त्यांनी दुकान आवरावे. त्यानंतर १९५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही इथले काम बंद केले. कुर्ल्याचे काम चालू राहिले.

आणि इथेच आमच्या वादाची गाठ सुटते. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तिन्ही नावे एकाच क्रायस्लर कंपनीची. कुर्ल्याला डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा ज्या गाड्या निघत, त्यांचा सांगाडा बहुतेक एकच. फरक जाळीचा, पट्टीचा आणि नाकावरच्या खुणेचा. एकाच आईची तीन लेकरे, टोप्या तेवढ्या निराळ्या! म्हणून टोपी हरवलेल्या लेकराला तिघांनी तीन नावांनी हाक मारली, यात नवल नाही. चुकला होता तो शेवरलेटवाला तरुण. ती निराळ्याच घरची.

इंजिनावरचा क्रमांक पाहून खात्री करावी, तर तीही सोय नव्हती. पेट्रोल महागल्यावर पुष्कळ मालकांनी या तहानलेल्या गाड्यांना डिझेल इंजिने बसवली होती. इथेही तेच झाले होते. गाडीने आपला दाखला स्वतःच गमावला होता. आता पुरावा उरला तो फक्त माणसांच्या आठवणीत.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, मोटारी हा श्रीमंतांचा विषय, आम्हांला त्याचे काय? पण अमेरिकन गाडीत आपले आजोबा-पणजोबाही बसले आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस. टी. धावली. लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या. ती बस बेडफर्ड, म्हणजे विलायती. पण बेडफर्डची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडेच होती. त्या वेळच्या एस. टी.च्या ताफ्यात शेवरलेट आणि स्टुडबेकर याही बसगाड्या होत्या. जीपचेही तसेच. महायुद्धात ती विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. दोन्ही दिसायला सारख्या, पण फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जीप जोडावयास घेतली, आणि साहेबाची, पुढाऱ्याची, डॉक्टरची गाडी म्हणून ती गावोगाव पोचली.

आमच्या मोटारीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. चार दिवसांनी ती तुकडे होऊन ट्रकमधून गेली. त्यानंतर वरातवाले गृहस्थ माझ्याकडे आले. ट्रंकेच्या तळातून त्यांनी मामाच्या लग्नाचा फोटो शोधून काढला होता. वाड्याचे मालक गावातल्या लग्नांना मोटार देत असत. फोटोत ती फुलांच्या माळांनी झाकलेली, पुढे बँडवाले. आणि माळांतून डोके वर काढलेले, बोनेटवरचे शिडाचे जहाज! ती प्लिमथच होती. डॉज म्हणणाऱ्या आजोबांना फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बरं झालं. निदान तिचं नाव तरी कळलं.”

पन्नास वर्षांवरच्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी देण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. त्यामुळे ज्यांच्याजवळ पैसा आहे, त्यांच्या गाड्या वाचतील. शेडमध्ये कडबा पेलणाऱ्या गाड्या बहुधा वाचणार नाहीत. पण त्यांची हकीकत वाचवावयास पैसा लागत नाही. शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. मुलांना एक वही द्या आणि गावात पहिली मोटार कोणाची होती, ती कोण चालवी, तिच्यात कोण बसले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावयास लावा. सांगणारे चुकतील, भांडतील, भांडू द्या. दोन आठवणी भांडल्या म्हणजे कोणीतरी ट्रंक उघडतो. आमच्या गावात ती चार दिवस उशिरा उघडली. तुमच्या गावात तेवढा उशीर होऊ नये.