मस्किंगमकाठचे संग्रहालय

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, मस्किंगम व ओहायो या नद्यांच्या संगमावर मॅरिएटा नावाचे गाव आहे. तेथील ‘कॅम्पस मार्शिअस’ हे संग्रहालय पाहावे ते त्याच्या पोटात एक अख्खे घर उभे आहे म्हणून. रूफस पटनम या सेनानीचे हे घर जागचे हलविलेले नाही. संग्रहालयच त्याच्याभोवती बांधले आहे.

७ एप्रिल १७८८ रोजी पटनम व त्याच्या सोबत्यांची ४८ जणांची तुकडी येथे उतरली. त्याच वर्षी इकडे महादजी शिंद्यांनी गुलाम कादिराच्या हातून दिल्ली सोडविली. तेव्हा श्रोतेहो, हा काळ आपणांस अगदीच परका नाही. या मंडळींत स्वातंत्र्ययुद्धातील अधिकाऱ्यांचा भरणा होता. पगारापोटी मिळालेल्या सरकारी रोख्यांची किंमत पार उतरली होती. ते कागद देऊन जमीन घ्यावी, हा त्यांचा हिशेब. तो गैर होता असे मी म्हणणार नाही. १७८७ च्या कायद्याने या मुलखात गुलामगिरीस बंदी केली होती, हेही नमूद केले पाहिजे. मात्र त्याच कायद्यात आणखी एक वचन होते: मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्या संमतीवाचून घेतली जाणार नाही.

त्या वचनाचे काय झाले, ते या घराच्या जाड फळ्यांच्या भिंतीच सांगतात. हे घर एका लाकडी कोटाचा भाग होते. पलीकडच्या तीरावर १७८९ साली झालेला तह शॉनी व मायामी लोकांनी जुमानला नाही. जानेवारी १७९१ मध्ये नदीच्या वरच्या अंगाची बिग बॉटम ही वस्ती डेलावेअर व वायंडॉट यांनी कापून काढली. नोव्हेंबरात गव्हर्नर सेंट क्लेअरचे सहाशेहून अधिक लोक लढाईत पडले. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहापर्यंत वसाहतकरी कोटाच्या आश्रयाने राहिले. त्या तहाने ओहायोचा बहुतेक भाग मूळ रहिवाशांच्या हातून गेला. कोटाला नाव रोमचे, गावाला फ्रान्सच्या राणीचे. मूळ भाषांतील नावे राहिली ती नद्यांना!

आद्य वसाहतकार म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांना येथे पाऊल ठेवताच रानात मातीचे उंच बांध, चौथरे आणि सुमारे तीस फूट उंचीचे शंकूसारखे टेकाड आढळले. मनॅसी कटलर या धर्मोपदेशकाने तेथे तोडलेल्या एका झाडाची वलये मोजली. ती साडेचारशेहून अधिक भरली. बांध निदान तितके जुने, हे त्याने ताडले. आजचे संशोधक ही कामे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे कोणीतरी आपल्या फार आधी येथे नांदले, हे या मंडळींना पहिल्याच वर्षी ठाऊक होते. त्यांनी काही जागा राखून ठेवल्या, हे त्यांचे श्रेय. पुढे एका रुंद वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बांधांची माती मात्र विटांसाठी गेली. एका चौथऱ्यावर आता गावचे वाचनालय आहे. मोठ्या टेकाडाभोवती १८०१ साली दफनभूमी झाली. १८२४ साली वारलेल्या पटनमची कबर तेथेच आहे.