पेशाचे मत आणि गावाचे मत : हिंगोली मतदारसंघाचा एक विचार



मतदारसंघाचा इतिहास म्हटला की निवडून आलेल्यांची यादी वाचावी, कोण किती मतांनी आला ते सांगावे आणि टाळ्या घ्याव्यात, अशी आपल्याकडे रीत आहे. ती यादी थोडीफार मीही सांगणार आहे. परंतु त्याआधी एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. हिंगोलीचा मतदार म्हणजे कोण? जो हिंगोलीत राहतो तो, असे उत्तर कोणीही देईल, आणि कायद्याचे उत्तरही तेच आहे. मग जो पोटासाठी वर्षातले पाच-सहा महिने आपल्या गावी राहूच शकत नाही, त्याचे काय? माझे आजचे सारे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम जुन्या राजवटीकडे पाहू. निजामाच्या राज्यात हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता आणि राज्य कोणी चालवावे हे रयतेला कोणी विचारीत नसे. १९३९ साली निजाम सरकारने राजकीय सुधारणा जाहीर केल्या. महायुद्धामुळे त्या लांबणीवर पडल्या आणि १९४६ साली अमलात आल्या. या सुधारणांची तऱ्हा मोठी निराळी होती. प्रतिनिधी निवडावयाचे ते गावागावांनी नव्हे, तर पेशांनी. जहागीरदारांचे वेगळे, पट्टेदारांचे वेगळे, कुळांचे वेगळे. व्यापाऱ्यांचे, वकिलांचे, डॉक्टरांचे वेगळे. आणि मजुरांचेही वेगळे.

मजुराला मजूर म्हणून कायदेमंडळात जागा! कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा क्षणभर मोह पडावा. पण पोत्याचे तोंड सोडून पाहिले की आतला माल कळतो. मताचा हक्क मूठभरांना. हिंदू आणि मुसलमान यांच्या जागा लोकसंख्या न पाहता निम्म्या-निम्म्या. आणि शेवटचा शब्द निजामाचाच. स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला तो रास्तच होता. ज्या सभेला राजाला अडविता येत नाही, तिथे मजुराला बसावयास पाट दिला काय आणि न दिला काय!

पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली, आणि १९५२ साली हैदराबाद राज्याच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी प्रौढ मतदानाने निवडणूक झाली. एकवीस वर्षे पुरी झालेला प्रत्येक स्त्री-पुरुष मतदार ठरला. अक्षर न येणाऱ्यालाही मत देता यावे म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह, अशी व्यवस्था होती. देशात काँग्रेसचा जोर असतानाही परभणीची लोकसभेची जागा शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांनी जिंकली. मत नवे होते, पण ते कसे वापरावयाचे हे रयतेला कोणी शिकवावे लागले नाही.

या व्यवस्थेत पेशा गेला आणि गाव आले. सालदाराचे मत आणि सावकाराचे मत एका तागडीत बसले. त्यानंतर आपल्यावरचे राज्य दोनदा बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यात तालुके पाच आणि विधानसभेचे मतदारसंघ तीन : वसमत, कळमनुरी आणि हिंगोली.

आता यादी. हिंगोलीच्या विधानसभेच्या जागेवर १९९९, २००४ आणि २००९ अशा तीन वेळा काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन वेळा भारतीय जनता पक्षाचे तान्हाजी मुटकुळे निवडून आले. लोकसभेचा हिंगोली मतदारसंघ १९७७ सालापासूनचा. पहिल्याच निवडणुकीत जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील विजयी झाले. पुढे १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. १९९१ साली ही जागा शिवसेनेकडे गेली आणि त्यानंतर ती अनेकदा इकडून तिकडे झाली. २०१४ साली काँग्रेसचे राजीव सातव येथून निवडून आले ते अवघ्या १,६३२ मतांनी. हा मतदारसंघ हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. एवढ्या मुलखातून १,६३२ मते म्हणजे काही मोजक्या तांड्यांची मते. हा आकडा ध्यानात असू द्या.

गावाच्या मताने मजुराला काहीच दिले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा १९७७ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे सरकारचे कर्तव्य ठरले. असा कायदा मजुरांच्या दोन-चार राखीव जागांनी झाला नसता. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात मजूर होता आणि त्याच्या मताची गरज होती, हे बळ त्यामागे होते.

परंतु हे बळ मजूर गावात असेल तेव्हाचे. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लेकीच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्याला लागून गेलेली असते, आणि नवरा-बायकोचा एक कोयता ती फेडावयास परमुलखाच्या फडावर जातो. तो परततो मार्च-एप्रिलात. आता निवडणुकांचे पंचांग पाहा. विधानसभेचे मतदान २००४, २००९, २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाले, म्हणजे टोळ्या निघण्याच्या बेतात. २०२४ साली ते २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे ऐन गाळपाच्या तोंडावर.

कायदा काय म्हणतो? तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचे गावातले रहिवासीपण जात नाही, असे १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. म्हणजे यादीत नाव राहते. १९५१ च्या कायद्यात १९९६ साली एक कलम घातले गेले, त्यान्वये मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावयाची, रोजंदारीवाल्यालासुद्धा; न देणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत. कलम चांगले आहे. पण कोयत्याला मजुरी मिळते ती टनावर. आणि मतदानकेंद्र दीडशे-दोनशे मैलांवर असताना एका दिवसाच्या सुट्टीत जाऊन येणार कसे?

मग उरतो एकच मार्ग : उमेदवाराने गाडी पाठवावी. पण उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनाने आणणे हा त्याच कायद्याप्रमाणे भ्रष्टाचार आहे, आणि तो असावाच. ज्याच्या गाडीत बसून माणूस दोन दिवस प्रवास करतो, त्याच्याविरुद्ध शिक्का उमटवावयास मोठे काळीज लागते. म्हणजे मजुराला मिळून दोनच वाटा उरतात : मत बुडवावे, नाहीतर ओशाळे होऊन द्यावे. २०२३ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने दूरच्या ठिकाणाहून स्वतःच्या मतदारसंघासाठी मत देता येईल असे यंत्र पक्षांना दाखविले. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होती. पक्षांनी शंका काढल्या. काही शंका खऱ्याही असतील. पण शंकांचे निरसन करा, एवढा आग्रह धरावयास कोणी पुढे आले नाही.

माझ्या मते तोवर थांबण्याचे कारण नाही. मतदानासाठी जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेल्या टनांची मजुरी कारखान्याने सोसावी, आणि वाहनाची व्यवस्था सरकारी यंत्रणेने करावी, उमेदवाराने नव्हे. टोळी निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत तिची नोंद व्हावी, म्हणजे कोणत्या गावचे किती मतदार कोणत्या कारखान्यावर आहेत हे आधीच कळेल. कारखान्यांवर साखरेच्या पोत्यांची मोजदाद चोख होते; माणसांची होऊ नये, असे काही नाही.

कोणी म्हणेल, हा ऊसतोड्यांचा प्रश्न, शहरातल्या मंडळींनी त्यात का पडावे? त्यांना मी १,६३२ हा आकडा पुन्हा सांगेन. एवढ्या फरकाने जिथे निकाल लागतो, तिथे गैरहजर मजूर आपल्या सगळ्यांचा प्रतिनिधी ठरवीत असतो. पेशाने मत देण्याची निजामाची पद्धत आपण टाकली, ती योग्य केली. पण गावाने मत द्यावयाचे ठरविल्यावर, पेशामुळे गाव सोडावे लागणाऱ्याला मतापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही आपणच घेतलेली आहे. पुढची विधानसभेची निवडणूक नेमाप्रमाणे २०२९ साली येईल. त्या वेळी मते मागावयास जो दारी येईल, त्याला रस्ता, पाणी आणि हळदीचा भाव यांबरोबर हाही प्रश्न विचारा, एवढी माझी विनंती आहे.