कमलाबाई गोखले : रंगभूमीवरचे आयुष्य

कमलाबाई गोखले (१९००–१९९७) लहानपणीच रंगभूमीवर आल्या. पतीपासून वेगळ्या झालेल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत लेकीला घेऊन नाटकात काम करीत. घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावणे त्या काळी मोठे धाडस होते. नायिकाही पुरुषच रंगवीत. १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीही पुरुषानेच साकारली होती. त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई पार्वती आणि कमलाबाई मोहिनी झाल्या. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींचा हा मान नाटकवाल्या मायलेकींकडे जातो.

पुढे नट रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला आणि गोखल्यांच्या नाटक मंडळीत त्या नायिका म्हणून उभ्या राहिल्या. तरुणपणीच वैधव्य आले. चंद्रकांत, लालजी आणि सूर्यकांत या तीन मुलांना त्यांनी नाटकाच्या कमाईवर वाढवले. गरज पडली तेव्हा पुरुषपात्रेही रंगवली. नट बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे कौतुक इतिहासात भरभरून आले. या बाईने वठवलेले पुरुष मात्र उपेक्षित राहिले, हा अन्यायच आहे. रीना मोहन यांच्या माहितीपटात वृद्ध कमलाबाई जुन्या भूमिकांतले संवाद साभिनय म्हणून दाखवतात. चंद्रकांत नट झाले, लालजी व सूर्यकांत तबलावादक. नातू विक्रम गोखले यांनीही रंगभूमी गाजवली.