विस्तार या शब्दाविषयी : माहुलच्या निमित्ताने

‘विस्तार’ हा शब्द मराठीत सहसा शुभ अर्थाने येतो. एकोणिसाव्या शतकातील एका थोर मासिकाने तर तो ‘विविधज्ञानविस्तार’ असा आपल्या नावातच धारण केला. परंतु विस्तार कशाचा आणि कोणाच्या जागेत, हे प्रश्न तो शब्द सहजी विचारू देत नाही. मुंबईच्या माहुल-तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण कारखान्यांचा इतिहास पाहताना आम्हांला याची वारंवार आठवण होते.

१९५१ मध्ये इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि आबादानचा प्रचंड कारखाना थंडावला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने परदेशी तेलकंपन्यांशी करार केले. त्यांतून स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा कारखाना १९५४ मध्ये व बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. पुढे त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही नावे आली. नव्या राष्ट्राच्या स्वावलंबनाचे ते एक पाऊल होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती भूमी रिकामी नव्हती. माहुल हे खाडीकाठचे कोळ्यांचे जुने गाव आणि शेजारच्या चेंबुरात फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत. त्यांच्याच आसपास १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र व १९६५ मध्ये खतकारखाना आला.

यानंतर सुरू झाला तो विस्तार. पहिल्या कारखान्याची वार्षिक क्षमता आरंभी साडेबारा लाख टन होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत ९५ लाख टनांवर गेली. दुसऱ्याची २२ लाखांवरून १ कोटी २० लाखांवर पोहोचली. पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन १९९४ मध्ये आणि जनसुनावणी १९९७ मध्ये सक्तीची झाली, तेव्हा मूळ कारखान्यांना चार दशके उलटली होती. ‘कारखाना येथे असावा काय?’ हा प्रश्न रहिवाशांना कोणी विचारलाच नाही. विचारला गेला तो ‘आहे त्यात थोडी भर चालेल काय?’ एवढाच. शिवाय मोजणीचा आरंभबिंदू म्हणून आधीच धुरकटलेली हवाच घ्यायची, मग भर नेहमीच थोडी दिसते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अलीकडच्या विस्ताराचा एक हेतू स्वच्छ इंधन हा होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणले. देशभरच्या रस्त्यांना त्याचा लाभ झाला. पण ते गंधक वेगळे काढण्याची क्रिया कारखान्यातच होते, आणि कारखान्याला लागून घरे आहेत.

येथे मथुरेचे उदाहरण आठवते. तेथील कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. परंतु ताजमहालाच्या संगमरवरावर त्याचा काय परिणाम होईल, हे पाहण्यासाठी वरदराजन समिती १९७४ मध्येच नेमली गेली होती. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरांच्या परिक्षेत्रातील उद्योगांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी कठोर आदेश दिले. ते योग्यच झाले. आमचे म्हणणे इतकेच, की दगडाची काळजी कारखान्याआधी आठ वर्षे सुरू झाली, आणि माहुलच्या माणसांना राष्ट्रीय हरित लवादाचा पहिला ठोस निर्णय मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. परिसरातील हवेमुळे माहुल, आंबापाडा व चेंबूरच्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे तेव्हा लवादाने मान्य केले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने दोन्ही तेलकंपन्यांसह चार कंपन्यांवर एकूण २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली.

या दोन निर्णयांच्या मधल्या काळात जे घडले, ते आम्हांला सर्वांत बोलके वाटते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर त्या कुटुंबांना २०१७ मध्ये माहुलच्या इमारतींत पाठवण्यात आले. सरकारी भाषेत ते ‘प्रकल्पबाधित’ होते. एका प्रकल्पाची बाधा टाळण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या सावलीत नेऊन ठेवले. ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन ४० हून अधिक कामगार जखमी झाले, तेव्हा ही कुटुंबे शेजारीच राहत होती. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने बाधितांना माहुलला सक्तीने धाडण्यास मनाई केली. पण मूळ गावातले कोळी कोठे जाणार? त्यांचे तर पुनर्वसन कधी झालेच नव्हते.

आमच्या वर्गात चेंबूरकडची मुले असतात. ‘माझा परिसर’ या विषयावर ती मैदान, मंदिर, खाडी, बाजार असे सारे नेटकेपणाने लिहितात. रात्रीच्या वासाबद्दल मात्र त्यांच्या निबंधांत एक ओळही नसते. विचारले तर म्हणतात, “सर, तो तर नेहमीचाच आहे.” पुढच्या विस्ताराची जनसुनावणी होईल, तेव्हा हाच ‘नेहमीचा’ वास अहवालात आरंभबिंदू म्हणून नोंदला जाईल. म्हणूनच आता आम्ही त्या मुलांना तो वास निबंधात लिहायला सांगतो.