पायलोरिक स्टेनोसिस, अर्भकांमधील : उघडी व दुर्बिणीची शस्त्रक्रिया

जठर लहान आतड्यात उघडते तिथला स्नायू जाड होऊन वाट बंद पडण्याचा आजार. जन्मतः बाळ ठणठणीत असते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्यायलेले दूध जोराने, लांबवर फेकले जाऊ लागते. उलटीत हिरवे पित्त नसते आणि ओकून झाले की बाळ पुन्हा भुकेने रडते. मुलींच्या तुलनेत मुलांत हा आजार सुमारे चौपट आढळतो. सोनोग्राफीत स्नायूची जाडी ३ मिमी किंवा त्याहून अधिक दिसली की निदान बहुधा पक्के होते.

उलट्यांतून आम्ल व क्षार निघून गेल्याने रक्तातील क्लोराइड आणि पोटॅशियम उतरते, रक्त अल्कधर्मी होते. अशा बाळाला भूल दिल्यास नंतर श्वास थांबण्याचा धोका असतो. म्हणून आधी सलाईन, लघवी सुरू झाल्यावर पोटॅशियम, आणि रक्ततपासणी ताळ्यावर आल्यावरच शस्त्रक्रिया. यात एक-दीड दिवस गेला तरी तो वाया गेलेला नसतो.

जर्मन शल्यविशारद कोनराड रामस्टेट यांनी १९११ मध्ये हा स्नायू उभा चिरला. चिरलेल्या स्नायूत टाके धरेनात; तो उघडाच ठेवणे पुरेसे असते, हे पुढे सिद्ध झाले. आजही कृती तीच आहे : स्नायू चिरून फाकवायचा, आतले नाजूक अस्तर मात्र अखंड ठेवायचे. फरक आहे तो तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेचा. उघड्या पद्धतीत पोटाच्या उजव्या वरच्या बाजूस सुमारे ३ सेंमीचा छेद घेतात, किंवा बेंबीच्या कडेने. या दुसऱ्या छेदाचा व्रण पुढे जवळजवळ दिसत नाही. दुर्बिणीने, म्हणजे ३ ते ५ मिमीच्या छिद्रांतून, ही शस्त्रक्रिया केल्याचा पहिला अहवाल १९९१ मध्ये फ्रान्समधून आला.

दोन्ही पद्धतींची नेमकी तुलना २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. १८० बाळांच्या पोटांवर सारखीच पट्टी बांधली होती, त्यामुळे कोणती पद्धत वापरली हे पालकांना वा वॉर्डातील कर्मचाऱ्यांना कळत नव्हते. पूर्ण दूध पचू लागायला दुर्बिणीनंतर १८.५ तास लागले, उघड्या शस्त्रक्रियेनंतर २३.९. घरी जायला अनुक्रमे ३३.६ व ४३.८ तास. गुंतागुंतीत मोठा फरक आढळला नाही. मात्र अन्य अभ्यासांत, स्नायू अपुरा चिरला जाऊन पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत किंचित अधिक दिसले आहे.

म्हणजे लाभ आहे, पण काही तासांचा. औसा, निलंगा किंवा देगलूरच्या कुटुंबाने केवळ दुर्बिणीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी इतका तो नाही. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असो की नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विचारायचे ते असे : बालशल्यविशारद आहेत का, अर्भकांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर आहेत का, रक्तातील क्षारांची तपासणी रात्री-अपरात्री होते का? या तिन्ही गोष्टी असतील तर उघडी शस्त्रक्रिया कोणत्याही अर्थाने दुय्यम नाही.

खरा धोका उशिराचा. घुटी, दुधाची पावडर बदलणे, उलटीचे थेंब यांत आठवडा जातो आणि बाळ सुकत जाते. महिन्याभराचे बाळ प्रत्येक दुधानंतर जोराने ओकत असेल आणि लंगोट कमी ओले होत असतील, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफीबद्दल विचारावे.